शेवटची सोळा पानं

मला माझ्या धाकट्या जावेचा हेवा वाटायचा. नुसता वाटायचा नाही, आतून खायचा. आता दोघींनाही चष्मे लागलेत, तेव्हा सांगून टाकायला हरकत नाही. त्या वेळी कुणी विचारलं असतं तर मी शपथेवर नाही म्हटलं असतं.

ती दिसायला माझ्यापेक्षा उजवी होती, त्याचं मला काही नव्हतं. तिची भाकरी माझ्यापेक्षा पातळ व्हायची, त्याचंही नाही. माझं जळायचं ते एकाच गोष्टीवरून. घरातली वाचणारी बाई मी होते, आणि सातवी शिकलेल्या या पोरीनं कांद्याच्या ढिगापाशी बसल्याबसल्या ती जागा घेतली.

माझं माहेर शिरूरचं. आम्ही धनगर, पण मेंढरं आमच्याकडं आजोबांच्या काळातच सुटली. वडील एका दवाखान्यात कंपाउंडर होते. बाजारपेठेतल्या वाचनालयात त्यांच्या नावावर दोन पुस्तकं मिळायची आणि दोन्ही मीच वाचायची. आई हाका मारून थकायची, मग शेवटी पुस्तकच ओढून घ्यायची. नव्वद साल उलटल्यावर दोन-तीन वर्षांत माझं लग्न झालं आणि मी वडगाव रासाईला आले. येताना पत्र्याच्या पेटीत साड्या थोड्या आणि पुस्तकं जास्त होती. बारावी पास सून म्हणून भावकीतल्या बायका मला बघायला आल्या होत्या. एकीनं तर मला शाईपेन धरून दाखवायला सांगितलं.

सासरी मेंढरं विकून नदीकाठच्या रानात स्थिर होऊन वीसेक वर्षं झाली होती. तरी आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या बोलण्यातून मेंढरं गेली नव्हती. कुठलीही आठवण निघाली की "आमी कोकणात चारणीला गेलतो तवा" इथूनच सुरुवात. स्वभावानं करारी बाई. चहा मात्र दिवसातून पाच वेळा लागायचा.

पहिल्या वर्षी मी दुपारची कामं आवरून मधल्या खोलीत वाचत बसायची. खिडकीतून उजेड येईल अशी, भिंतीकडं तोंड करून. आत्याबाई दारात येऊन उभ्या राहायच्या, थोडा वेळ बघायच्या, निघून जायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "थोरले, काय हाय गं त्यात एवढं?"

"गोष्ट आहे," मी म्हटलं आणि पान उलटलं.

त्यानंतर पुस्तक उघडलं की त्यांना काम आठवायला लागलं. जनावरांना पाणी पाज, लसूण सोल, मिरच्यांचे देठ काढ. मी मनात नोंद केली की ही बाई वाचनाच्या मुळावर आली आहे. दोन मुलं झाली, ऊस वाढला, गडी वाढले. पेटीतली पुस्तकं तळाला गेली आणि वर शेवयांचे डबे आले. दहा वर्षं सरता सरता माझं वाचन भेळेच्या कागदापुरतं राहिलं आणि तोही मी शेवटपर्यंत वाचत नव्हते. तालुक्याचा कागद आला, औषधाची बाटली आली, शाळेची चिठ्ठी आली की हाक मात्र मलाच यायची. तेवढ्यावर माझा तोरा टिकून होता.

मग धाकटे दीर लग्नाचे झाले आणि खुटबावची ही मुलगी घरात आली. पहिले काही महिने ती माझ्याशी मान वर करून बोलायचीही नाही. "अक्का, हे कुठं ठेवू? अक्का, मीठ किती?" मला बरं वाटायचं. लहान जाऊ असावी तर अशी.

पुढच्या उन्हाळ्यात ती शिमग्याला माहेरी गेली आणि येताना एक पुस्तक घेऊन आली. तिच्या वडिलांचा दौंडच्या बाजारात भाजीचा गाळा होता. शेजारीच एका मुसलमान गृहस्थांचं रद्दीचं दुकान होतं. ती त्यांना लहानपणापासून चाचा म्हणायची. त्यांच्याकडं रद्दीत आलेली चांगली पुस्तकं ते वेगळी काढून स्वतः शिवायचे. हे त्यातलंच. पुठ्ठा नाही, लेखकाचं नाव नाही, वर खाकी कागद. मी हातात घेऊन बघितलं, दोन पानं उलटली आणि परत दिलं. "बरं आहे," म्हटलं. आपण मोठ्या माणसांनी म्हणावं तसं.

तेव्हा आमचा कांदा निघाला होता. दुपारी लाइट नसायची, त्यामुळं टीव्ही बंद. घरातल्या आम्ही तिघी आणि भावकीतल्या दोन बायका, अशा पाच जणी कडुनिंबाखाली ढीग घालून कांदा निवडायचो. मोठा एकीकडं, बारीक गोल्टी एकीकडं, जोडकांदा वेगळा. एका दुपारी पाणी प्यायला थांबलो तेव्हा धाकटीनं पुस्तक काढलं आणि ओठ हलवत वाचायला लागली. तिला मनातल्या मनात वाचता यायचंच नाही. ओळीखाली बोट आणि तोंडात पुटपुट. मला हसू आलं.

आत्याबाई म्हणाल्या, "काय पुटपुटतीस गं धाकले? मोठ्यानं म्हण की, आमी बी ऐकतो."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी कांद्याकडं बघितलं. मग तिनं मोठ्यानं सुरुवात केली.

गोष्ट एका नावाड्याच्या विधवेची होती. नवरा गेल्यावर नाव तीच चालवते. दोन्ही काठांची माणसं, शेरडं, वऱ्हाडं तीच पोचवते. आणि एक दिवस नदीवर पूल बांधायला सुरुवात होते. एकेक खांब वर येतो तसतसं तिला कळत जातं की पूल झाला की आपली नाव संपली. गंमत म्हणजे पुलावरचे मजूरही रोज तिच्याच नावेतून कामाला जातात. आमच्या बायकांनी भीमा होडीतून ओलांडलेली होती. नाव म्हटल्यावर त्या सरसावून बसल्या.

दुसऱ्या दुपारी आत्याबाईंनी जाहीर केलं, की वाचणारीनं कांद्याला हात लावायचा नाही. त्यांच्यात मेंढरं कातरायला बसले की एकजण ओवी म्हणायचा. जो ओवी म्हणेल त्यानं कातर खाली ठेवायची आणि त्याच्या वाट्याची मेंढरं बाकीच्यांनी कातरायची, अशी रीत होती. तीच रीत आत्याबाईंनी कांद्याला लावली. "धाकलीचा ढीग वाटून घ्या गं," त्या म्हणाल्या आणि तिच्यापुढचा कांदा पायानं माझ्याकडं सारला.

म्हणजे तिनं वाचायचं आणि मी तिचा कांदा निवडायचा. बारावी पास मी. माझ्या पुस्तकावर मिरच्यांचे देठ ज्या बाईनं टाकले, तीच आता या पोरीच्या तोंडाकडं टक लावून बसली होती आणि ओवीला द्यावा तसा वाक्यावाक्याला "व्हय... व्हय" असा हुंकार देत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सुदैवानं समोर कांदा होता, त्यामुळं कुणी विचारलं नाही.

आणि वाचायची कशी! बोट ठेवून, सावकाश, पेरणी केल्यासारखी. पण अडखळायची नाही. ती अडखळावी म्हणून मी जोडाक्षरांची वाट बघत बसायची. चांगलं अवघड जोडाक्षर समोर यायचं आणि ही सहज पार व्हायची. सातवीच्या पोरीला हे कसं जमतं, हे मला कळेना आणि त्यानं मी आणखीच पेटायची.

हळूहळू लोण पुरुषांत गेलं. जेवताना दीर विचारायचे, सासरे ताटावरून विचारायचे. एकदा आमच्या घरातले, माझे स्वतःचे यजमान, भाकरी मोडता मोडता धाकटीला म्हणाले, "मग काय झालं गं त्या नावंचं? कितवा खांब आला?" मी त्यांच्याशी दहा वर्षं संसार केला होता. माझ्या हातातल्या पुस्तकाबद्दल त्यांनी कधी एक शब्द विचारला नव्हता. मी आमटी वाढायला उठले आणि त्यांच्या ताटात वाजवून वाढली. त्यांना काही कळलं नाही.

त्याच आठवड्यात धाकटीची दाढ दुखायला लागली आणि दीर तिला घेऊन केडगावला दाताच्या डॉक्टरकडं गेले. आत्याबाई भावकीत बाळाच्या पाचवीला गेलेल्या. घरात मी एकटी, आणि गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया. पुस्तक धाकटीच्या खोलीत कोनाड्यात होतं. मी ते काढलं. काढताना मनात एकच होतं. पुढचं आपल्याला आधी कळावं आणि ती वाचायला लागली की मधेच सहज म्हणून टाकावं, "आता बघा, आता हे असं होणार." तिचा सगळा रंगच उतरला असता.

सुरुवातीला जमेना. डोळे ओळीवरून घसरायचे. एक परिच्छेद मी तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा शेवटी मला गॅस बंद केला की नाही हेच आठवत होतं. इतक्या वर्षांत वाचायचीही सवय मोडते, हे मला माहीतच नव्हतं. मला स्वतःचीच भीती वाटली. मग मी धाकटीसारखं ओळीखाली बोट ठेवलं. कुणी बघत नव्हतं. बोटानं डोळ्यांना धरून ठेवलं, आणि पाचव्या-सहाव्या पानावर कधीतरी ती बाई, तिची नाव, काठावरचा चिखल हे सगळं माझ्यासमोर उभं राहिलं. त्यानंतर बोट कुठं गेलं, मला माहीत नाही.

पूर आला. मजुरांची नाव भोवऱ्यात सापडली. तिनं जे खांब मनातून शिव्या देऊन मोजले होते, त्यातल्याच एका खांबाला दोर टाकून तिनं नाव वाचवली. मी श्वास घ्यायला विसरले होते. शिरूरला आई पुस्तक ओढून घ्यायची तेव्हा व्हायची तशी अवस्था झाली होती माझी. मधल्या दहा वर्षांत मला कशाची भूक लागली होती ते त्या दुपारी कळलं. वर गच्चीवर कोंबड्या चढल्या आणि त्यांनी निम्म्या कुरडया फस्त केल्या. मी घरातच होते आणि मला पत्ता नव्हता. आत्याबाई आल्यावर जे बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही. मी ऐकून घेतलं, कारण माझं लक्ष त्यांच्याकडं नव्हतंच. शेवटची सोळा पानं राहिली होती.

ती मी दुसऱ्या दिवशी सकाळी वाचली. सगळे रानात गेले होते. वाचून झाली आणि मी जराशी रडले. चांगलं पुस्तक संपल्यावर येतं तसं रडू. मग पुस्तक मिटलं आणि लक्षात आलं की आठवड्याभरात धाकटी हेच वाचेल. आत्याबाई "व्हय, व्हय" करतील. सगळ्या डोळ्यांना पदर लावतील आणि म्हणतील, काय वाचते पोरगी! मी माझ्यासाठी मिळवलेलं ते रडू तिच्या नावावर जाणार होतं.

पानं फाडण्याइतकी मी वाईट नाही, असं मी स्वतःला सांगितलं. मी ती उसवली. चाचांनी पुस्तक जाड दोऱ्यानं शिवलं होतं. मी दोरा सोडवला, शेवटची सोळा पानं अलगद काढली आणि उरलेलं पुस्तक गोधडीच्या दोऱ्यानं पुन्हा शिवून टाकलं. गोधडी शिवण्यात माझा हात गावात ओळखला जातो. टाके एकसारखे, बारीक, नीटनेटके. कुणाला काही कळणार नाही अशी मला खात्री होती. पानं पेटीत लपवायला गेले, तर शेवयांच्या डब्याखाली माझी जुनी पुस्तकं दिसली. कसर लागून दोन-तीन पार चाळणी झाली होती. त्यातलं एक बऱ्यापैकी निघालं ते मी वर काढलं, उशीच्या अभ्र्यात घातलं आणि त्या दिवसापासून पुन्हा वाचायला लागले. न्हाणीघराचं पाणी तापेपर्यंत दोन पानं, मुलं शाळेतून येईपर्यंत चार. चोरी करायला गेले आणि वाचन हाती लागलं, असं म्हणा.

दुपारी मी पुढच्या गोष्टी मधेच सांगून टाकण्याचा बेत सोडून दिला. माझ्याकडं आता त्याहून मोठं काहीतरी होतं. शेवट माझा होता. ती वाचायची आणि मी तिचा कांदा निवडत शांत बसायची. आत्याबाई एकदा म्हणाल्यासुद्धा, "थोरली अलीकडं लई गप असती."

तो दिवस आला. पूल तयार झाला होता. उद्घाटनाचा मांडव पडला होता. पहाटे ती बाई नदीवर येते, दोर सोडते, नावेवर हात टेकते... आणि धाकटी थांबली. ओळ अर्धीच होती. तिनं पान उलटलं. पुढं खाकी कागद. तिनं पुस्तक उलटं केलं, पाठीवरून, शिवणीवरून बोट फिरवलं. सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग वर बघितलं. क्षणभर माझ्याकडं, मग आत्याबाईंकडं.

"पुढची पानं न्हाईत," ती म्हणाली. "रद्दीतलं पुस्तक. गळाली आसतील कुठंतरी."

मला काय आनंद झाला! खोटं कशाला बोलू, आतून उकळ्या फुटल्या. आता तिचीही गत माझ्यासारखी होणार, आता उठेल आणि कांद्याला लागेल.

पण मी एक गोष्ट विसरले होते. माझ्या सासूबाईंच्या लेखी ते पुस्तक नव्हतंच, ती ओवी होती. आणि ओवी अर्ध्यात टाकायची नसते. टाकली तर देवाचा कोप होतो, कळपाला रोग येतो, असं त्या मेंढरांत वाढलेल्या बाईच्या हाडात बसलेलं होतं. त्यांचा चेहरा उतरला.

"ओवी मोडली," त्या म्हणाल्या. "ती बाय पान्याकाठी उभी ऱ्हायली. तिला तशीच ठिवून मी च्या प्यायची व्हय? शेवट ऐकल्याबिगर मला च्या नगं."

आम्हाला वाटलं, संध्याकाळपर्यंत विसरतील. नाही विसरल्या. ज्या बाईला पाच वेळा चहा लागतो तिनं दोन दिवस कपाला हात लावला नाही. डोकं धरून बसल्या. तिसऱ्या दिवशी कपाळाला फडकं आवळून आडव्या पडल्या. भावकीतल्या बायकांनी मनानं शेवट सांगून बघितले. एकीनं नाव विकून टाकली, दुसरीनं त्या बाईला नदीत ढकललं. आत्याबाईंनी दोघींनाही गप्प बसवलं. "लिव्हलंय तेच सांगा," त्यांचं एकच.

तेव्हा दीर म्हणाले, "मी जातो दौंडला. चाचाला इच्यारतो पानं कुठं गेली ते."

चाचांनी पुस्तक स्वतः शिवलेलं. ते सांगणारच की पानं पुरी होती. मग घरात वाचता येणारं, शिवता येणारं आणि कोनाड्यापर्यंत हात पोचणारं दुसरं कोण होतं? मी घाईघाईनं म्हटलं, "तुम्ही कशाला, कांद्याची गाडी भरायचीय. मी जाते. मला मुलीच्या फ्रॉकचं कापडही बघायचंय."

धाकटीनं फक्त दुकान कुठं ते सांगितलं. स्टेशनच्या रस्त्यानं, तिच्या वडिलांच्या गाळ्याच्या अंगाला.

पानं माझ्या पिशवीत होती. बेत सोपा होता. दौंडला जायचं, कापड घ्यायचं, परत येऊन सांगायचं की दुकानात रद्दीत सापडली. दुकानात जायचीही गरज नव्हती. पण वडापच्या जीपमधून उतरून बाजारात आले आणि पाय तिकडंच वळले. दुकान बाहेरून दिसलं. आत छतापर्यंत कागदाच्या थप्प्या, आणि एका फळीवर शिवून ठेवलेली पुस्तकं. ती फळी बघून मी आत गेले. दहा वर्षांत इतकी पुस्तकं एका जागी मी बघितली नव्हती.

चाचा वयस्कर, पांढरी दाढी, हातात दाभण. मी कोण ते सांगितल्यावर ते एकदम उठले. "म्हंजी तुम्हीच तिच्या थोरल्या जाऊबाई! बसा बसा." माझ्यासाठी चहा सांगितला. मी म्हटलं, नावेचं पुस्तक घरात सगळ्यांना आवडलं.

"आवडणारच," ते म्हणाले. "पान आन् पान मोजून शिवलंय म्या. आन् पोरगी काय कमी हाय व्हय! शिमग्याला आलती ना, तवा हितं त्या गठ्ठ्यावं बसून सगळं दोनदा वाचलं तिनं. मोठ्यानं. जोडाक्षर आलं की मला इच्यारायची, चाचा, हे कसं म्हनायचं? म्या म्हनलं, बेटी, दोनदा वाचलंस, आता घिऊन काय करतीस? तर म्हनली, घरी वाचून दाखवायचंय. आमच्या अक्का लई शिकलेल्या हायेत. त्यांच्या म्होरं अडखळाय नगं."

चहा आला. मी तो हातात धरून बसले.

म्हणजे तिला शेवट माहीत होता. पुस्तक हातात आलं तेव्हापासून. पानं होती हेही माहीत होतं. शिवणीवरून बोट फिरवलं तेव्हा टाके कुणाचे हेही तिला कळलं असणार. माझ्याच गोधडीवर ती निजत होती. आणि सगळ्यांसमोर तिनं सांगितलं, गळाली असतील. तीन दिवस सासू डोकं धरून पडली होती, तरी शेवट ठाऊक असून तिनं सांगितला नव्हता. मी तिच्या जागी असते तर त्याच दुपारी निंबाखाली उभी राहून भावकीत बोंब मारली असती.

मला आधी राग आला. मोठी शहाणी! मला उपकाराखाली ठेवते! जीपमध्ये बसल्यावर रागही टिकेना. पारगावच्या पुलावरून जाताना खाली भीमेचं पाणी दिसलं आणि मी पिशवी घट्ट धरली.

दुसऱ्या दुपारी निंबाखाली सगळ्या जमल्या. आत्याबाईंना धरून आणलं. मी पानं बाहेर काढली आणि ठरवलेलं बोलले, "सापडली." आवाज माझाच मला परका वाटला. पानं मी धाकटीपुढं धरली.

तिनं ती घेतली. कडेची दोऱ्याची भोकं बघितली. मग सोळाच्या सोळा पानं नीट जुळवून माझ्या हातात परत दिली.

"तुमी आणलीत, तुमीच वाचा, अक्का," ती म्हणाली आणि माझ्यापुढचा कांदा तिनं स्वतःकडं ओढून घेतला.

मी आयुष्यात कधी कुणाला वाचून दाखवलं नव्हतं. लहानपणापासून माझं वाचन म्हणजे मी आणि भिंत. पहिली दोन वाक्यं मी इतक्या हळू वाचली की आत्याबाई म्हणाल्या, "मोठ्यानं गं थोरले." मग आवाज लागला. ती बाई नाव पाण्यात ढकलते. पुलावर बँड वाजत असतो आणि ती रिकामी नाव घेऊन पैलतीराला जाते आणि परत येते, शेवटची खेप. मग चार माणसं लावून नाव घरी आणते, दारात ठेवते आणि तिच्यात शेरडांचा पाला टाकते. नावेची गव्हाण होते. आत्याबाईंचा हुंकार चालू होता. "व्हय... व्हय..." तो माझ्यासाठी होता. दहा वर्षं मला जे हवं होतं ते सगळं त्या दुपारी माझ्यासमोर बसलं होतं. माणसं ऐकत होती. कुणीतरी खांद्याला खांदा लावून कागदात डोकावत होतं. यजमान रानातून पाणी प्यायला आले होते ते तांब्या हातात धरून उभेच राहिले.

शेवटच्या पानावर एक वाक्य आहे. ती बाई गव्हाणीच्या कडेला हात ठेवून शेरडांना काहीतरी म्हणते. तिथं मी आले. अक्षरं दिसत होती, पण तोंडातून निघेनात. मी थांबले. सगळ्या थांबल्या. आत्याबाईंचा हुंकार अडकून राहिला.

धाकटीनं मान वर केली नाही. हातातला कांदा फिरवत, ओठातल्या ओठात, फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू तिनं पुढचे दोन शब्द सांगितले. तिला ते तोंडपाठ होते. मी ते तिच्याकडून घेतले आणि मोठ्यानं म्हटले.

सगळ्यांनी डोळे पुसले. आत्याबाईंनी चहा मागितला आणि कप हातात घेऊन म्हणाल्या, "थोरली काय वाचती गं!" भावकीतल्या बायकांनी माना डोलावल्या. धाकटीही त्यांच्यात होती, आणि ती मनापासून हसत होती. मला तिचा इतका हेवा त्याआधी कधी वाटला नव्हता.